खतोबाचा शेंदूर

बब्रुवान ड्रायव्हरना रिटायर होऊन सोळा वर्षं झाली, पण त्यांचा डावा पाय अजून ड्यूटीवरच होता. ओट्यावर बसले तरी क्लच दाबावा तसा तो खाली-वर होत राही. त्या रविवारी तर पायानं कहरच केला. चहा गार झाला, पेपर उघडून तसाच मिटला, तीनदा उठून ते रस्त्यापर्यंत जाऊन आले. त्यांची बायको हरणाबाई एका जागी बसा म्हणाल्या, पण बसणार कसे?

मंगळवारी सोलापुरात त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं, बालाजीचं, हृदयाचं ऑपरेशन होतं. सून मंजुषा दवाखान्यात त्याच्यापाशी होती आणि हे दोघं सोमवारच्या पहिल्या एसटीनं निघणार होते. आणि आज, नेमके आजच, तुळजापूरचे शंतनू सर यायचे होते.

सर कॉलेजात इतिहास शिकवत. मोबाइलवरच्या नकाशात त्यांना भूमजवळच्या या माळावर एक लांबट गोल दिसला होता. तुरी, सोयाबीन, पवनचक्क्या, सगळ्यांच्या खालून तो उमटलेला; शेतांचे बांधसुद्धा त्याच्याच वळणानं गेलेले. गाव त्याला चकरीचा माळ म्हणे, आणि तिथं गेलं की चक्कर येते म्हणून चकरी, असं ठणकावून सांगे. तसं एप्रिलच्या उन्हात त्या माळावर कुणालाही चक्कर येईल. पण ही चकरी घोड्यांची होती. निजामाच्या राज्यात एका जहागीरदारानं तिथं शर्यतीचं मैदान केलं होतं. राज्य गेलं, घोडे विकले गेले, मैदानावर नांगर फिरला आणि उरला एक हातभर उंचीचा दगड.

त्या दगडावर उर्दूत एकच शब्द कोरलेला होता: खत्म. म्हणजे शर्यत इथं संपली. गावाला उर्दू वाचता येत नव्हतं, पण म्हणून गाव काही गप्प बसलं नाही. खत्मचा खतमबा झाला, खतमबाचा खतोबा झाला, आणि नाव खतोबा म्हटल्यावर देवाला खत लागणारच. पेरणीआधी घरटी शेणखताची पहिली पाटी त्याच्यापुढं ओतायची रीत पडली. देव प्रसन्न झाला की नाही ते देव जाणे, पण शेजारचा लिंब असा माजला की आसपासच्या चार गावांत तशी सावली नव्हती.

यातलं खरं ठाऊक असलेले गावात आपण एकटेच उरलो, असं बब्रुवान समजत. त्यांचे वडील मल्हार जहागीरदाराचे मोतद्दार होते. घोड्यांना खरारा करणं, चालवून घाम जिरवणं, आजारी पडले तर त्यांच्यापाशी झोपणं, यात त्यांची ऐन उमेद गेली. बब्रुवान सात वर्षांचे असताना वडिलांनी त्यांचं बोट धरून दगडावरच्या अक्षरांवरून फिरवलं होतं. जहागीरदाराचं नाव कुठल्या ना कुठल्या कागदात सापडेलच. मोतद्दाराचं कोण लिहिणार? शंतनू सर लिहिणार होते. अट एवढीच की बब्रुवाननी गावासमोर दगडाची हकिगत सांगावी आणि शेंदराचं कवच थोडं खरवडून अक्षरं उघडी करावीत. बब्रुवान फोनवर आनंदानं हो म्हणाले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी बालाजीच्या छातीत कळ आली.

आणि खतोबा तर हरणाबाईंचा. तीन लेकरं गेल्यावर त्यांनी त्यालाच नवस बोलला होता आणि बालाजी जगला. तेव्हापासून त्यांची एकही अमावास्या चुकली नव्हती. बब्रुवान पंचेचाळीस वर्षं तोंड दाबून राहिले, वर नारळही स्वतःच्या हातानं फोडत आले. आता पोरगं टेबलावर जायच्या दोन दिवस आधी बायकोला सांगायचं, की तू आयुष्यभर शर्यतीच्या दगडाला हात जोडलेस? आणि नाही सांगावं, तर बाप दुसऱ्यांदा मातीत जाणार. त्यांचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

अकराला सर आले. लिंबाखाली पाच-सात माणसं जमली, सरपंच बलभीमही आले. सरांनी पिशवीतून ब्रश आणि एक लहान पातं काढलं, वही उघडली आणि काकांनी सुरुवात करावी म्हणाले. बब्रुवाननी घसा खाकरला. तेवढ्यात तेल-शेंदराची वाटी घेऊन बांधावरून येणाऱ्या हरणाबाई त्यांना दिसल्या.

"सर, ह्या दगडाचं मला काय ठाव न्हाय," ते म्हणाले. आपल्या बापाला आपणच नाकारलं, हे त्यांना त्याच क्षणी कळलं आणि मान वर करवेना.

"खोटं कशाला बोलता?" हरणाबाई जवळ येत म्हणाल्या. मग सरांकडं वळल्या. "लिव्हा, सर. मल्हार मोतद्दार, माझे सासरे. इथं शर्यत संपायची. ह्या दगडाच्या पल्याड घोड्याला चाबूक मारत नव्हते, आसं मामंजी सांगायचे. तिसरं लेकरू गेलं, तवा त्येनीच मला इथं आणून बसवलं."

मग आता खताच्या पाटीचं काय करायचं, असं बलभीमनी हळूच विचारलं.

"तुला ठाव हुतं?" बब्रुवाननी विचारलं.

"तुमी इतक्या मनापासून नारळ फोडायचे. म्हनलं, कशाला मोडावा तुमचा इस्वास."

सरांची लेखणी भराभर चालली होती. लिहून झाल्यावर ते पातं घेऊन दगडापाशी वाकले, तशी हरणाबाईंनी शेंदरावर तळवा ठेवला.

"नाव लिव्हा, समदं लिव्हा. पर अक्षर उघडं करू नका. खतम लिव्हलंय तिथं. तीन लेकरं गेल्यावर त्ये मला बघवंना, म्हणून तर शेंदूर लावत आले. मंगळवार जाऊ द्या, मग काय खरवडायचं त्ये खरवडा."

सरांनी पातं पिशवीत टाकलं. बब्रुवान दगडाकडं बघत राहिले. चार बोटं जाडीचा थर होता. ते इतकी वर्षं त्याला भक्ती समजत आले होते, आणि ती रोजची भीती होती, एकटीनं लिंपलेली. त्यांना स्वतःची लाज वाटली. ते गुडघे मोडून खाली बसले. डावा पाय अजून हलतच होता. वाटीत दोन बोटं बुडवून त्यांनी दगड चाचपला. अक्षरं कुठं आहेत, ते त्या बोटांना सातव्या वर्षापासून ठाऊक होतं. नेमक्या त्याच जागेवर त्यांनी शेंदूर थापला.

"आनखी जाड लावा," हरणाबाई म्हणाल्या.