बाकी तीन मीटर

धाकटीने मापाचं चाक थांबवलं, वाकून रस्त्यावर खडूने एक फुली मारली, मग चाक ढकलत तेरा मीटर पुढे गेली आणि दुसरी फुली मारली.

"ही पहिली कालची," ती मागे वळून म्हणाली. "काल सरावात, विसाव्या फेरीला तू इथे ब्रेक दाबलास. आणि ही गेल्या वर्षीची. गाडी तीच, वळण तेच. तेरा मीटर, दादा."

दादा दोन फुल्यांच्या मधोमध येऊन उभा राहिला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. चव्वेचाळीस वर्षांचा होता तो. तीन वेळा विजेता, पण शेवटचं विजेतेपद सहा वर्षांपूर्वीचं. गॅरेजमधली तरुण पोरं त्याला तोंडावर 'आजोबा' म्हणत. परवा त्याचे वडील आयुष्यात पहिल्यांदाच शर्यत बघायला आले, तेव्हा 'आजोबांचे बाबा आले' अशी हाळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती.

ते आबा आत्ता चार पावलं मागे, मिटलेल्या छत्रीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. अडतीस वर्षं त्यांनी लहान मुलांना शिकवलं होतं. मध्येच बोलायचं नाही, ही सवय मुलांना लावता लावता त्यांना स्वतःलाच लागली होती.

"डोळे तपासलेस?" धाकटीने विचारलं.

"महिन्यापूर्वी. घारीसारखे आहेत."

"मग भीती वाटते का?"

"तुझी वाटते."

"हसू नकोस. सहा वाजता मला उत्तर द्यायचंय."

उद्या हंगामातली शेवटची शर्यत होती. दादाचे आणि त्याच्याच संघातल्या त्या तरुण चालकाचे गुण सारखे होते. उद्या दोघांपैकी जो पुढे राहील, तो विजेता. त्या तरुणाला सगळे पोपट म्हणत, कारण ताशी तीनशेच्या वेगातही त्याचं रेडिओवर बोलणं थांबत नसे. गाडीच्या नाकावर बसवायचा नवा पंख कारखान्यातून आला होता. वळणात तो गाडीला रस्त्यावर दाबून धरी. पण तो एकच तयार झाला होता, आणि कुणाच्या गाडीला लावायचा ते संघाचे प्रमुख आज ठरवणार होते. दादाची इंजिनिअर म्हणून त्यांनी धाकटीला एकच प्रश्न दिला होता: सातव्या वळणावर याचं जे होतंय, ते दुरुस्त होण्यासारखं आहे का?

"अजून एक सांगते," ती म्हणाली. "काल पहिल्या फेरीला दहा मीटर होतं. मग वाढत वाढत विसाव्या फेरीला तेरा. याचा अर्थ कुणीही एकच काढेल. तू दमतोस."

"मी दमत नाही. जिथे दाबायचा तिथेच दाबतो."

"संगणकावरची रेषा खोटं बोलत नाही."

"मीही नाही."

दोघं लहानपणी गोट्यांवरून भांडत, तसे एकमेकांकडे बघत राहिले. तेव्हा आबा खाकरले.

"मोजायला कुठून सुरुवात करतोस?" त्यांनी दादाला विचारलं.

"काय मोजायला?" धाकटीने विचारलं.

दादाने मान खाली घातली. बुटाच्या टोकाने तो खडूच्या फुलीची कड खरवडू लागला.

घरापासून शाळेपर्यंत एक लांब उतार होता, आणि उताराच्या मध्यावर रस्ता एका पुलाखालून जाई. सकाळी सायकल दादा चालवायचा आणि मागच्या कॅरिअरवर आबा बसायचे, मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन. सायकलचा ब्रेक जेमतेम लागे. खाली शाळेच्या फाटकाशी वळायचं, तर तो नेमका कधी दाबायचा हे आबांनीच शिकवलं होतं. पुलाची सावली अंगावर आली की मोज. एक, दोन, अडीच, आणि दाब. दोनला दाबला की सायकल फाटकाआधीच मरायची. एकदा दादा तीनपर्यंत गेला होता. तेव्हा बाप, लेक आणि बेचाळीस वह्या कुंपणात सापडल्या होत्या.

"तू अजून ते मोजतोस?" धाकटीचा आवाज चढला. "या वेगाला?"

"बाकी सगळीकडे कडेच्या अंतराच्या पाट्या बघतो. इथे पूल आहे ना."

"अकरा वर्षं मी तुझी इंजिनिअर आहे. कधी बोलला नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"काय विचारायचं होतं? 'दादा, तू गाडीत पाढे म्हणतोस का?'"

आबा मात्र तोवर चालू लागले होते.

पूल दोनशे मीटर मागे होता. प्रेक्षकांनी रस्ता ओलांडावा म्हणून बांधलेला, पोलादी, अरुंद. नुकतेच चार वाजून गेले होते. ऊन समोरून, वळणाच्या बाजूने येत होतं आणि पुलाची सावली पुलाच्या अलीकडे, गाड्या येतात त्या बाजूला रस्त्यावर आडवी पडली होती. आबांनी छत्रीचं टोक डांबरावर टेकवून ती अगदी सरळ उभी धरली. तिचीही सावली त्याच दिशेला लांब पडली.

"आबा, पूल हलवलेला नाही," धाकटी म्हणाली. "मी नकाशा पाहिलाय."

"पूल कशाला हलेल? त्या सावलीच्या कडेवर खडूची रेघ मार. रस्ताभर."

तिने मारली.

"आता दहा मिनिटं काही न करता उभं राहायचं."

"आबा, सहा वाजता..."

"वर्गातही सगळ्यात अवघड धडा हाच असायचा."

तिघं उभे राहिले. लांब कुठेतरी कुणीतरी गाडीचं इंजिन चालू करून पुन्हा बंद केलं. दादा रेघेजवळ उकिडवा बसला. सुरुवातीला तो घड्याळ बघत होता, मग नुसती रेघच बघू लागला. पाचेक मिनिटांनी त्याने बोट पुढे केलं, रेघेच्या अलीकडे टेकवलं आणि तिथेच ठेवलं. बोट सावलीत होतं. मघाशी तिथे ऊन होतं.

"सरकतेय," तो हळूच म्हणाला. "माझ्याकडे येतेय."

"गेल्या वर्षी शर्यत किती वाजता होती?" आबांनी विचारलं.

"बारा," धाकटी म्हणाली. "दरवर्षी बाराच. यंदा साडेतीन. कालचा सरावही साडेतीनलाच..." आणि तिचं वाक्य तिथेच थांबलं.

पुढची पंधरा मिनिटं ती रस्त्यावरच मांडी घालून बसली. पुलाची उंची खांबावर लिहिलेली होती. बाराचं ऊन किती वरून येतं ते तिने फोनवर पाहिलं. आबा म्हणाले, "फोनला येतं तर आपण कशाला उन्हात उभे राहिलो?" पण ते छत्रीची सावली पावलांनी मोजून तिचा आकडा ताडून बघत होतेच. शेवटी ती उठली, कपडे झटकले आणि दादाच्या पाठीत एक धपाटा घातला.

"तू दमत नाहीस! काल पहिल्या फेरीच्या वेळी सावली सात मीटर अलीकडे आली होती. विसाव्या फेरीपर्यंत दहा. ती लांबत होती आणि तू बिचारा इमानदारीत मोजत होतास!"

दादा हसला. किती तरी दिवसांनी पूर्ण हसला. आबा हसले नाहीत.

"चूक माझी," ते म्हणाले. "आपली शाळा रोज सातची. सावली रोज जवळपास त्याच जागी. मोजायला शिकवलं, पण ती हलते हे सांगायचं राहून गेलं."

"आबा, त्याला पस्तीस वर्षं झाली."

"म्हणून काय झालं? राहिलं ते राहिलं."

चालत परत येताना दादा दोन फुल्यांपाशी पुन्हा थांबला. त्याचे ओठ हलत होते.

"पहिल्या फेरीला दहा," तो म्हणाला. "त्यातले सावलीचे सात."

"हो."

"विसाव्या फेरीला तेरा. सावलीचे दहा."

"हो, मग?"

"बाकी तीन. दोन्ही वेळा तीन."

धाकटीने चाक उचलून खांद्यावर घेतलं. "मापात तेवढं मागेपुढे होतंच. मी सांगणार आहे, सगळं सावलीचं."

दादाने आबांकडे पाहिलं. आबा छत्रीच्या टोकाला लागलेलं डांबर बारकाईने पुसत होते.

प्रमुखांच्या खोलीत खुर्च्या पुष्कळ होत्या, पण ते स्वतः कधी बसत नसत, त्यामुळे दुसऱ्यालाही बसायचा धीर होत नसे. टेबलावर नवा पंख एका जुन्या चादरीवर ठेवला होता. पोपट त्याच्याभोवती फेऱ्या घालत होता, हात मागे बांधून.

धाकटीने सगळं सांगितलं. बाराचं ऊन, साडेतीनचं ऊन, खडूची रेघ. पुलाऐवजी छत्रीच्या सावलीचं चित्र काढून दाखवलं. प्रमुख शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"म्हणजे सगळा दोष सावलीचा?"

"हो," धाकटी म्हणाली.

"नाही," दादा म्हणाला. "दहा मीटर तिचे. तीन माझे."

धाकटीने डोळे मिटून घेतले.

"आजोबा, तीन मीटरला कोण विचारतंय?" पोपट म्हणाला.

"उद्या तूच विचारशील. रेडिओवर, सगळ्या जगासमोर."

पोपट मोठ्याने हसला. प्रमुख हसले नाहीत.

"ते तीन कशाचे?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. वयाचे असतील. सहा वर्षांपूर्वी मी भिंतीवर आदळलो होतो, त्याचे असतील. आजपर्यंत सगळं एकात मिसळलेलं होतं, काही कळत नव्हतं. आता वेगळे दिसले."

"परत मिळतील?"

"तेच बघायचंय मला."

प्रमुखांनी बोटाच्या टोकाने पंखाची कड चाचपली. "ठीक आहे," एवढंच म्हणून त्यांनी दार उघडून धरलं.

बाहेर बोळात धाकटी त्याच्या पुढ्यात उभी राहिली. "कुणी विचारलं होतं का तुला? मी 'हो' म्हटलं होतं. विषय संपला होता!"

"बाकी लिहिली नाही तर आबा अर्धा गुण कापायचे."

"आबा खोलीत नव्हते!"

"म्हणून काय झालं?" दादा म्हणाला, अगदी आबांसारखं.

दुसऱ्या दिवशी नवा पंख पोपटाच्या गाडीला लावलेला दिसला. आबा त्याच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मग गॅरेजच्या मागच्या बाजूला गेले. तिथे दादा हातमोजे चढवत एका लाकडी खोक्यावर बसला होता.

"वाईट वाटतंय?"

"कशाचं? हां, ते." दादाने मोज्याचं एकेक बोट नीट बसवलं. "थोडं वाटलं सकाळी."

"आज कुठून मोजणार?"

"पुलाच्या खांबापासून. तो हलत नाही."

"आणि ते तीन?"

दादाने वर पाहिलं. लहानपणी एखाद्या काडेपेटीत किडा ठेवून तो वर्गात आणायचा, तेव्हा पेटी उघडण्याआधी त्याचा चेहरा असा व्हायचा.

"सायकलवर मला एकदा वाटलं होतं," तो म्हणाला, "की अडीच आणि तीनच्या मध्ये अजून काहीतरी आहे. कुंपणात पडल्यावर पुन्हा बघायला मिळालं नाही."

आबा त्याच्या खांद्यावर थोपटून निघाले.

सातव्या वळणाच्या जाळीमागे त्यांनी जागा धरली, बरोबर दुसऱ्या फुलीच्या समोर. खडू बराच पुसला गेला होता, पण कुठे पाहायचं हे माहीत असणाऱ्याला दिसत होता. कानांत कापसाचे बोळे होते. तरीही पहिल्या फेरीला गाड्या आल्या तेव्हा आवाज पोटात घुसला.

मग त्यांना सवय झाली. पोपटाची गाडी पुढे, दादाची मागे, कधी दीड सेकंद, कधी एक. दादाची गाडी खांबापाशी आली की आबा मोजत. एक, दोन, अडीच. आणि अडीचला इंजिनाचा आवाज खाली उतरे, फुलीच्या जरासा अलीकडे. पोपटाचा उतरे तो फुलीवर. कान किती बारीक ऐकू शकतात, याचं आबांना नवल वाटत राहिलं. चाळीस फेऱ्या झाल्या. पन्नास झाल्या. पुलाची सावली कालच्या रेघेवरून गेली, रेघ ओलांडून पुढे सरकली, आणि दादाचा आवाज मात्र प्रत्येक वेळी त्याच जागी उतरत राहिला. तो दमत नव्हता. तेवढं तर सिद्ध झालं होतं. ते तीन मीटरही जिथल्या तिथे होते.

शेवटच्या फेरीचा फलक लागला. शेजारचे लोक जाळीला धरून उभे राहिले. पोपटाची गाडी पुलाखालून निघाली आणि या वेळी दादाची गाडी तिच्या मागे नव्हती, बाजूला होती, आतल्या अंगाला, चाकाला चाक लावून.

खांब गेला.

एक, आबांनी मोजलं. दोन.

अडीच.

दोघांपैकी एकच आवाज खाली उतरला, पोपटाचा.

आबांची बोटं जाळीत अडकली. पुढचा आकडा म्हणायला त्यांचे ओठ उघडले होते. त्या दिवसाच्या कुंपणानंतर हा आकडा त्यांनी मुलाला पुन्हा कधी म्हणू दिला नव्हता.