बिनकामाची वाट

नांद्याच्या हैबतरावांच्या घरात एक रीत होती. बाहेर पडणाऱ्यानं ओसरीवर थांबून काम सांगायचं. वडील गेल्यापासून, म्हणजे गेली बावीस वर्षं, हैबतराव ओसरीच्या खांबाला पाठ लावून बसत आणि जाणाऱ्याला एवढंच विचारत, "काम?" दळण, विहीर, शेत, पौडची कचेरी, कुणाचं मयत, काहीही चाले. सांगितलेलं काम खरं की खोटं, याची ते कधी चौकशी करत नसत. बायकामाणसं माहेरची आठवण आली की लेंडी ओढ्यावर धुणं धुवायला जातो म्हणत आणि तिथं बसून रडून येत. त्यालाही हरकत नव्हती. धुणं हे काम होतं.

एकोणीसशे एकोणसाठच्या मार्चात, होळी होऊन चार दिवस झाले असताना, हैबतरावांच्या धाकट्या भावाची बायको गोजराबाई सकाळी सहाला अंगणात सायकल धरून उभी राहिली. तिच्या मागं तिचा नवरा कुशाबा, दुसरी सायकल धरून. ती पौडच्या दुकानातून दोन दिवसांसाठी भाड्यानं आणलेली होती.

"काम?" हैबतरावांनी विचारलं.

"काम न्हाई, भाऊजी."

"मंजे?"

"हिंडायला चाललोय. उद्या सांच्याला येऊ."

हैबतरावांनी भावाकडं पाहिलं. कुशाबा घाईघाईनं म्हणाला, "दादा, तिकडं पुढं थेऊर हाय. गणपतीचं—"

"थेऊरला न्हाई चाललो," गोजराबाई म्हणाली.

सायकलीवर बसलेली बाई हा या घरात वादाचा विषय नव्हता. दहा वर्षांपूर्वी विहिरीच्या कामावर कुशाबाचा पाय मोडला, तेव्हा पुण्याला दूध न्यायचं कुणी हा प्रश्न पडला. गोजराबाईनं खळ्यात चार दिवसांत सायकल शिकून घेतली. नऊवारीचा कासोटा घट्ट असला की पुरुषांच्या सायकलीच्या दांड्याची अडचण होत नाही, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. दोन वर्षं ती पहाटे दोन किटल्या बांधून सूस, पाषाणवरून स्वारगेटला जात होती. गावात कुजबुज झाली तेव्हा हैबतरावांनीच चावडीवर उभं राहून सगळ्यांना गप्प केलं. "कामाला जाती ती," ते म्हणाले. पुढं कुणी बोललं नाही.

त्या दोन वर्षांतली एक गोष्ट मात्र गोजराबाईनं कुणाला सांगितली नव्हती. स्वारगेटच्या अलीकडं कालव्यावर पूल होता. पुलावरून रोज तिला पाटाच्या कडेनं पूर्वेकडं जाणारी वाट दिसे. सपाट, दोन्ही बाजूंना झाडं. एका भाजीवाल्यानं सांगितलं होतं, ही वाट पार लोणीच्या द्राक्षमळ्यांपर्यंत जाते. रोज तिला वाटे, वळावं. पण किटल्यांत दूध असे, आणि ऊन चढलं की दूध नासतं. येताना किटल्या रिकाम्या, पण घरी गुरं वाट बघत. सातशेच्या वर वेळा ती त्या वाटेच्या तोंडाशी आली आणि सरळ निघून गेली. नंतर कुशाबाचा पाय बरा झाला आणि सायकल त्याच्याकडं गेली.

हैबतराव उठून उंबऱ्यापाशी आले. आवाज चढवला नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हता.

"जा. मी आडवत न्हाई. पण परत येशील तवा काम सांगून आत यायचं. काय बी सांग. मी खोदून इचारणार न्हाई. पण सांगायचं."

"आन् न्हाई सांगितलं तर?"

"तर बाहेर. हितला उंबरा कुणी बिनकामाचा ओलांडलेला न्हाई."

आतल्या दाराशी हैबतरावांची बायको चंद्राबाई पिठाचे हात घेऊन उभी होती. गोजराबाईनं दांड्यावरून पाय टाकला.

सूसच्या खिंडीत कुशाबा धापा टाकत तिच्याजवळ आला. "आगं, एक शबूद टाकला आसतास तर काय झिजली आसतीस? थेऊर मन, आळंदी मन. दादाला काय, कानावर पडलं की झालं."

"तीस वर्सं टाकला की. आता संपला."

स्वारगेटच्या पुलाशी ती उतरली. वाट होती तशीच होती. पाऊण मैलावर मात्र एक साखळी आडवी लावलेली होती. शेजारी झोपडी, झोपडीच्या दाराशी पाटाची राखण करणारा एक पाटकरी. खाकी सदरा, खाली धोतर. भिकू त्याचं नाव.

"काय काम?"

"सायबाकडं," कुशाबा तयारच होता. "पुढल्या बंगल्यावर. चिठ्ठी द्यायचीय."

"दाव चिठ्ठी."

"खोटं सांगत्यात," गोजराबाई म्हणाली. "काम काय बी न्हाई. ह्यो पाट कुटं जातोय ते बघायचंय."

भिकू तिच्याकडं बघत राहिला. "बाई, बारा वर्सं मी ह्या साखळीवर हाय. काम न्हाई म्हणनारं माणूस आजच बघतोय."

"मग सोड की."

"कसं सोडू? काम आसंल त्यालाच सोडायचा हुकूम हाय."

"मंजे खोटं बोललं की साखळी सुटती, आन् खरं बोललं की न्हाई?"

भिकूनं जरा विचार केला. "व्हय," तो म्हणाला. "आसंच हाय."

"बरं," म्हणून गोजराबाईनं सायकल आंब्याला टेकवली आणि साखळीच्या खुंटापाशी मांडी घालून बसली. "बसायला तर काम लागत न्हाई?"

गोजराबाईचं माहेर मुळशीच्या धरणाखाली गेलेलं. ती दहा वर्षांची असताना तिची आई धरणाच्या कामावर जाऊन, पाया खणत होते तिथंच बसली होती. धरण झालं, गाव गेलं, तो भाग वेगळा. पण बसलेल्या माणसाला हलवणं किती अवघड असतं, हे गोजराबाईनं त्या वयात डोळ्यांनी पाहिलं होतं.

दीड तास गेला. तेवढ्या वेळात एकजण शेळी घेऊन आला. "डाक्टरकडं," म्हणाला. भिकूनं साखळी सोडली. मग गवताच्या भाऱ्याखाली एक सायकल आली. "साहेबांच्या घोड्याचं हाय," भाऱ्याखालून आवाज आला. पाटाच्या साहेबांकडं घोडा नव्हता. भिकूनं साखळी सोडली. दर वेळी सोडताना तो गोजराबाईकडं बघे आणि गोजराबाई त्याच्याकडं. तिसऱ्या वेळी नुसताच एक टोपीवाला आला, "अर्जंट" म्हणाला आणि गेला. तेव्हा मात्र भिकूनं साखळी परत अडकवली नाही. ती हातात धरून तो म्हणाला, "जावा, बाई. पर कुणी इचारलं तर सांगा, भिकूचा डोळा लागला हुता."

"न्हाई सांगणार. भिकूनं सोडलं, आसं सांगंन."

"आई गं," भिकू म्हणाला, आणि साखळी खाली टाकली.

पुढची वाट अकरा मैलांची. पाण्याला संथ ओढ होती. वरून जांभळीची, आंब्याची सावली. पलीकडं उसाचे फड, मध्येच एखादी मोट बंद पडलेली विहीर, गोधड्या धुणाऱ्या बायका. त्यातली एक ओरडली, "बाय, कुनीकडं?" गोजराबाई ओरडली, "पुढं!" बायका हसत सुटल्या.

पाण्यावरून झेंडूची एक माळ वाहत चालली होती. गोजराबाईनं सायकल तिच्या वेगानं ठेवली. माळ थांबली की ती पाय टेकून थांबे, माळ सुटली की ती निघे. दोन वर्षं तिनं ही सायकल दूध नासण्याच्या आत पोचायचं म्हणून दामटलेली. ती इतकी हळू चालते, हे तिला माहीतच नव्हतं.

"आगं, पडशील आशानं," मागून कुशाबा म्हणाला.

"पडंन. घाई काय हाय?"

थोड्या वेळानं कुशाबाही हळू चालवायला लागला. पाटावरच्या एका मोरीवर बसून दोघांनी भाकरी खाल्ली, आणि तो तिथंच पटका डोक्याखाली घेऊन तासभर झोपला. लग्नाला तीस वर्षं झाली, त्याला दिवसा झोपलेला तिनं पाय मोडला तेव्हाच पाहिला होता.

लोणीचा मळा आला तो आधी लाल दिसला. द्राक्षाचे वेल पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवलेले होते आणि पांगारे ऐन फुलात होते. पांगारा गोजराबाईच्या माहेरच्या डोंगरात रानोमाळ. त्याच्या अंगावर द्राक्षं बघून तिला हसूच आलं. मळ्याचा मालक कोंडाजी म्हणून म्हातारा होता. त्यानं भोकरी द्राक्षांचा एक घोस हातावर ठेवला, ओळीओळीतून फिरवलं आणि शेवटी विचारायचं ते विचारलंच, "का आला होता म्हणायचं?"

गोजराबाई तेव्हा पाटावर हात धूत होती. संधी साधून कुशाबा म्हणाला, "लावायचीत आमाला."

कोंडाजी इतका खूश झाला, की रात्री दोघांना खोपीत निजायला दिलं आणि सकाळी मुळ्या फुटलेल्या बारा काड्या ओल्या गोणपाटात बांधून कुशाबाच्या सायकलीच्या कॅरेजला स्वतः लावून दिल्या.

परतीच्या वाटेवर कुशाबा शीळ घालत होता. "झालं का न्हाई काम? द्राक्षाच्या काड्या आणाय गेलतो. खोटं बी न्हाई. वर दादा बी खूश व्हईल."

साखळीपाशी आल्यावर गोजराबाई उतरली, कुशाबाच्या कॅरेजची दोरी सोडली आणि गोणपाट भिकूच्या हातात दिलं. "झोपडीमागं लाव. पांगारा लाव शेजारी, त्यावर चढत्यात."

"आगं, ए!" कुशाबानं सायकल टाकली. "आगं, तेवढंच तर हुतं आपल्याकडं! आता राती निजशील कुटं?"

"ओट्यावर."

"आन् मी?"

"तुमी काम सांगा आन् जावा आत. मी काय आडवलंय?"

भिकू गोणपाट पोटाशी धरून दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. "न्हेता का परत?" त्यानं विचारलं.

"न्हाई," गोजराबाई म्हणाली.

नांद्यात पोचले तेव्हा गुरं परतत होती. हैबतराव खांबापाशी होते. त्यांनी आधी दोन्ही कॅरेज पाहिले. रिकामे.

"काम?"

"न्हाई. पाटाकडनं गेलो, द्राक्षं खाल्ली, ह्ये मोरीवर झोपलं, आलो."

"थेऊर जवळच हाय तितनं. दर्सन घेतलंच आसंल."

"न्हाई घेतलं."

"वाटंत कुणी पावणं भेटलं आसंल. ख्यालीखुशाली इचारली आसंल."

"न्हाई, भाऊजी."

ते तिला वाट काढून देत होते आणि ती घेत नव्हती, हे अंगणात जमलेल्या चार शेजाऱ्यांनाही कळत होतं. हैबतरावांनी भावाकडं मान वळवली. "आन् तू?"

"मी हिच्यासंगं गेलतो."

"सोबत. ते काम हाय. तू ये आत."

कुशाबानं उंबऱ्याकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. मग तो खाली बसला आणि सायकलीची चेन तपासायला लागला. चेनला काहीही झालेलं नव्हतं.

गोजराबाई ओट्याच्या पायरीवर टेकली. शेजाऱ्यांपैकी एकानं गुरं बांधायची आहेत म्हणून काढता पाय घेतला. बाकीचे तिघे थांबले.

तेवढ्यात आतून चंद्राबाई आली. हातात पाण्याचा तांब्या. उंबऱ्यापाशी तिची पावलं सवयीनं थांबली.

"काम?" हैबतरावांनीही सवयीनं विचारलं.

चंद्राबाईनं तांब्याकडं पाहिलं. पाणी द्यायला, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिनं तांब्या आतल्या बाजूला, भिंतीशी ठेवून दिला आणि रिकाम्या हातानं बाहेर आली. "काय न्हाई," ती म्हणाली. पायरीवर गोजराबाईच्या शेजारी बसली आणि विचारलं, "गोड हुती का गं?"

"लई. बी हुतं, पर गोड."

"आन् पाट?"

गोजराबाई सांगायला लागली. साखळीचं सांगितलं, घोड्याच्या गवताचं सांगितलं. चंद्राबाई तोंडाला पदर लावून हसत होती. अंधारायला लागलं. घरात दिवा नव्हता, चूल थंड होती. आतून कुणीतरी म्हैस बांधायची कुणी म्हणून हाक मारली. त्याला कुणी ओ दिली नाही.

हैबतरावांनी बराच वेळ वाट पाहिली. मग खाकरले. "चूल पेटायचीय. ते काम हाय का न्हाई? त्या कामाला या आत दोघी. मी काम धरतो."

गोजराबाई उठली. कासोट्याची धूळ झटकली.

"कामाला न्हाई येत, भाऊजी. घर हाय म्हणून येते."

हैबतराव मघाशीच खांबापासून उठून उंबऱ्यापाशी येऊन बसले होते; त्यांचा गुडघा उंबऱ्यावर आडवा होता. ती उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली आणि तिनं तो ओलांडला नाही, की बाजूला घ्या असं म्हटलं नाही. नुसती उभी राहिली. तिच्या मागं चंद्राबाई. त्या दोघी किती वेळ उभ्या राहू शकतात, याचा अंदाज हैबतरावांना आला असावा. त्यांनी गुडघा पोटाशी घेतला.

पाच दिवसांनी, सकाळी सहाला, चंद्राबाई खळ्याकडं निघाली. कासोटा घट्ट बांधलेला. पुढं गोजराबाई सायकल ढकलत होती.

"काम?" खांबाकडून आवाज आला.

दोघी तोवर अंगणाच्या बाहेर पोचल्या होत्या.