हिरव्या दिव्याची ओळ

धाकट्या नणंदेचं लग्न आणि सासऱ्यांचा हृदयविकाराचा झटका ही दोन्ही कार्यं एकाच आठवड्यात उरकली, त्या वर्षीची ही गोष्ट. डॉक्टर म्हणाले, दगदगीनं झालं. सासरे म्हणाले, जावयाच्या भाषणानं झालं.

त्याच वर्षी सुनेच्या ऑफिसात चमत्कार घडला.

सकाळी सगळं ऑफिस भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनपुढे खेटून उभं होतं. हातातला चहा सांडतोय याचंही कुणाला भान नव्हतं. स्क्रीनवर फाइलींची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे एक दिवा. काल संध्याकाळपर्यंत सारे दिवे लालभडक होते. आज ते वरून खाली एकेक करून हिरवे होत चालले होते.

"माझी झाली! अहो, माझी पण झाली!" बडबड्या ओरडला. सुनेच्या शेजारच्या टेबलावरच्या या गड्याची एकही फाइल आजवर हिरवी झाली नव्हती.

"आवाज नको," महाराज डोळे मिटूनच म्हणाले. "कोडला शांतता लागते."

महाराज म्हणजे साहेबांनी बाहेरून बोलावलेले सल्लागार. हे ऑफिस इस्पितळांसाठी प्रोग्राम लिहायचं. कुठल्या रुग्णाला कुठलं औषध किती द्यायचं, याचा हिशोब तो प्रोग्राम करणार होता. लिहिलेलं ते कोड तपासायला साहेबांनी एक तपासनीस घेतला होता. तोही प्रोग्रामच, पण दुसऱ्याच्या चुका काढणं एवढंच त्याचं काम. ही ओळ दोनदा लिहिली आहे, या नावावरून काही कळत नाही, इथे शून्यानं भागशील, अशी त्याची दिवसभर टकळी चाले, आणि चूक दिसली की त्या फाइलीपुढे लाल दिवा. म्हणून सगळे त्याला 'आत्याबाई' म्हणत. सोमवारी प्रोग्राम इस्पितळात सुरू व्हायचा होता आणि आत्याबाईंचा राग काही उतरत नव्हता. तेव्हा महाराज आले.

त्यांनी एक ओळ दिली. ना धड अक्षरं, ना धड आकडे. एक चांदणी, दोन टिंबं, असलं काहीतरी. ती प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर चिकटवायची.

"हातानं लिहायची नाही, उतरवून घ्यायची. एक टिंब हललं तर फळ नाही," महाराजांनी बजावलं. "यंत्राला तुमची भीती कळते. तुम्ही घाबरता, ते लाल होतं. या ओळीनं कोडचा ताण जातो."

शिकलीसवरलेली माणसं. पण लाल दिवा पाहून पाहून टेकीला आलेली. ओळीचा अर्थ कुणी विचारला नाही. सुनेनं विचारला.

"महाराज, या ओळीनं नक्की होतं काय?"

"ताई, साखर गोड का, असं विचारत बसलं की चहा गार होतो."

सगळे हसले. बडबड्या म्हणाला, "झालं, शंकेखोर बाईंचा तास सुरू!" सूनही ओशाळून हसली. संध्याकाळ झाली, घरी सासऱ्यांच्या औषधाची वेळ होत आली. तिनंही आपल्या फाइलींना ती ओळ चिकटवली, दिवे हिरवे झाले आणि ती बऱ्याच दिवसांनी वेळेवर घरी गेली.

सासरे खिडकीपाशी बसले होते. तिनं गोळ्या देता देता हकिगत सांगितली.

"एका ओळीत सगळं बरं?" सासरे म्हणाले. "मग माझ्या छातीवर पण चिकटव एक. इंजेक्शनं तरी वाचतील."

सुनेचा हात थांबला. सासऱ्यांना रक्त पातळ करणारी इंजेक्शनं पुढच्या आठवड्यापासून त्याच इस्पितळात घ्यायची होती. ती वजनावर ठरतात. माप कमी पडलं तर गुठळी, जास्त झालं तर आतल्या आत रक्तस्राव.

"बाबा, सोमवारपासून तुमचं माप आमचा प्रोग्राम काढणार."

"मग तुझी आत्याबाई आहे ना लक्ष ठेवायला?"

"ती कालपर्यंत ओरडत होती. आज गप्प आहे."

"काय सुधारलंत तुम्ही?"

"काहीच नाही."

सासऱ्यांनी गोळी गिळली, पाणी प्याले आणि म्हणाले, "मला तर बाई ओरडणारीच बरी वाटते. आणि हे भाजीचं बघ. पुन्हा मीठ नाही."

दुसऱ्या दिवशी सून सकाळीच ऑफिसात गेली. दोन सारख्या फाइली घेतल्या. दोन्हींत मुद्दाम एकच चूक घातली. एकीला ओळ लावली, एकीला नाही. मग ओळीतलं एकेक चिन्ह काढून पाहिलं. माणसं जमेपर्यंत तिला हवं ते कळलं होतं.

"महाराज," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमची ओळ कुठल्याही फाइलीला चालते ना?"

"भाव शुद्ध असेल तर कुठल्याही."

तिनं मोठ्या स्क्रीनवर एक फाइल उघडली. त्यात लिहिलं होतं: 'आज पुन्हा भाजीत मीठ नाही. डॉक्टरला माझ्या हृदयाची काळजी, जिभेची कुणाला नाही. याच्यापेक्षा कागद चावलेला बरा.'

"हे काय?" साहेबांनी चष्मा वर केला.

"सासऱ्यांची तक्रार आहे, साहेब. आता वर महाराजांची ओळ लावते."

ओळ लागली. दिवा हिरवा झाला. खाली अक्षरं आली: दोष आढळला नाही.

बडबड्या खुर्ची धरून हसायला लागला. "अहो, भाजी अळणी आणि दोष नाही म्हणतेय!"

तिनं ओळ काढली. दिवा लाल. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत आत्याबाईंना एक अक्षर कबूल नव्हतं.

महाराजांनी डोळे उघडले. "ताई, तुमची शंका कोडला लागते. त्यामुळे फळ उलटं मिळतं."

"मग माझ्या शंकेनं ओळ लावूनही लालच राहायला हवं होतं. हिरवं कसं झालं?"

महाराजांनी घड्याळाकडे पाहिलं.

"साहेब, यात जादू काही नाही," सून म्हणाली. "तपासनिसाला एखादी फाइल वगळायला सांगायची सोय असते. जुना भाग असेल, दुसऱ्याचा असेल, तर 'ही सोड' म्हणायचं. ही ओळ म्हणजे तेवढंच. आपण आत्याबाईला सांगितलं, डोळे मीट. तिनं मिटले. न वाचलेल्या फाइलीत चूक दिसत नाही, म्हणून दिवा हिरवा. ताप उतरेना म्हणून आपण थर्मामीटर फोडला."

"महाराज?" साहेब वळले.

महाराज उठता उठता म्हणाले, "तुम्ही मला म्हणालात, दिवे हिरवे करून द्या. कोड बरं करा असं कुठं म्हणालात?" आणि ते बॅग उचलून गेले. त्यांच्या तोंडून निघालेलं तेवढंच एक वाक्य खरं होतं.

साहेबांनी सगळ्या ओळी काढायला लावल्या. स्क्रीन पुन्हा लाल झाली. आत्याबाईंचं बोलणं सगळे पहिल्यांदाच पुरतं वाचू लागले. निम्म्या तक्रारी किरकोळ निघाल्या. एक मात्र किरकोळ नव्हती. वजनाचा रकाना रिकामा राहिला, तर प्रोग्राम आधीच्या रुग्णाचं वजन तसंच पुढच्याला लावत होता. एखाद्या पैलवानामागून सासऱ्यांसारखा काटकुळा माणूस आला असता, तर पैलवानाची सुई त्याला बसली असती.

"कुणाची फाइल ही?" साहेबांनी विचारलं.

"माझी," सून म्हणाली. "ओळ मीच चिकटवली होती."

बडबड्यानं खुर्ची तिच्या टेबलापाशी ओढली. "चला बाई, दोघं मिळून वाचू."

सोमवार पुढे ढकलला. इस्पितळाची बोलणी साहेबांनी खाल्ली. चुका एकेक करून दुरुस्त झाल्या. वजन रिकामं असेल तर प्रोग्राम आता मापच सांगेना, आधी वजन करा म्हणे. ते आत्याबाईंना सुचलेलं नव्हतं, माणसांनी बसून ठरवलेलं होतं.

यंत्र वाईट नसतं आणि देवही नसतं. ते चूक दाखवतं तेव्हा वाचावं, आणि गप्प बसतं तेव्हा का गप्प बसलं ते पाहावं. कुणी दिव्याचा रंग बदलून दिला तर नमस्कार करण्याआधी एवढंच विचारावं, की आत काय बदललं? उत्तर मिळालं नाही तर दोन फाइली घ्याव्यात, एकीला ओळ लावावी, एकीला लावू नये. याला फार शिक्षण लागत नाही. चार माणसांत हसं झालं तरी चालेल, एवढी तयारी लागते.

सासऱ्यांची सगळी इंजेक्शनं त्याच इस्पितळात, बरोबर मापानं झाली. ते त्यानंतर सहाव्या वर्षी, हिवाळा संपता संपता, दुपारच्या झोपेत वारले.