दुसऱ्या पाण्याची दारू

वायमंड दारात येऊन उभा राहिला तेव्हा हावीसबाई पिंपातला जवाचा चोथा उपसत होती. तिने मान वर केली नाही. ज्या मेल्याच्या कवनामुळे सगळं थॉर्नविक गाव तिला हसत होतं, त्याच्यासाठी मान कशाला वर करायची?

"हावीसच्या दारूची गंमत न्यारी, पिऊन माणूस सरळ जातो घरी!" पोरंटोरंसुद्धा म्हणायची.

"हावीसबाई..."

"दारू संपली."

"दारू नको. शपथ हवीय."

आता मात्र तिचा हात थांबला. जमीनदाराचा कारभारी फुल्क धन्याच्या गवताच्या गंजी विकून खातो, असं कवन कुणीतरी चर्चच्या दाराला ठोकलं होतं. गावात कवनं रचणारा एकच, म्हणून फुल्कने यालाच धरलं. उद्या जमीनदाराच्या वाड्यावर निवाडा होता. रिवाज असा, की आरोपीने आपण निर्दोष असल्याची शपथ घ्यायची आणि गावातल्या दोघांनी बायबलवर हात ठेवून म्हणायचं, याची शपथ खरी आहे. दोघं मिळाले तर सुटका. नाहीतर खोड्यात उभं करून कान खिळ्याने लाकडाला ठोकायचा.

"एक माझा मेहुणा आहे," वायमंड म्हणाला. "दुसरा कुणी मिळेना."

"मिळेल कसा? लोहाराच्या बायकोवर रचलंस, पाद्र्याच्या पोटावर रचलंस. गावात कुणाला सोडलंस का रे? आता स्वतःच्या कानावर आलं, तर आलास पळत!"

"ते कवन माझं नाही हो."

"ठाऊक आहे. बरं होतं ते."

वायमंडने तेही गिळलं. हावीसबाईने पदरी आलेली संधी सोडली नाही. "उद्या सगळ्यांपुढे म्हणायचं, हावीसची दारू खरी, माझं कवन खोटं. मग ठेवते हात."

वायमंड कान चोळत उभा राहिला. मग म्हणाला, "तेवढं जमायचं नाही."

"का रे, मुडद्या?"

"उपासाच्या दिवसांत तुम्ही विकलीत ती दुसऱ्या पाण्याची होती. एकदा काढलेल्या जवावर परत पाणी ओतलंत आणि भाव लावलात पहिल्या धारेचा. मी प्यालोय ना."

हातातलं ओगराळं त्याच्या डोक्यावरून भिंतीवर आदळलं. "चालता हो!"

तो गेला. हावीसबाई मात्र धुसफुसत राहिली. गाढव कुठला! एक खोटं बोलला असता तर कान वाचला असता. आणि तिथेच तिला काटा रुतला. कान जायची वेळ आली तरी ज्याला एक खोटं बोलवत नाही, तो बायबलवर काय खोटं बोलणार? ती चुलीत थुंकली.

दुसऱ्या दिवशी लोहार खिळा घेऊनच आला होता. मेहुण्याने हात ठेवला. फुल्कने विचारलं, "दुसरा कोण?" सगळे जमिनीकडे बघून हसू दाबत होते.

हावीसबाई उठली. बायबलवर हात दाबला. "याची शपथ खरी."

फुल्क हसला. "तुम्हा दोघांचं तर हाडवैर! कशावरून खरी?"

दारूची चव तपासणारा पंच समोरच बसला होता. हावीसबाईने त्याच्याकडे बघितलं. हात मागे घेतला नाही.

"काल याला म्हटलं, माझी दारू चांगली म्हण, कान वाचवते. तर म्हणतो, नाही, दुसऱ्या पाण्याची होती."

"मग होती का?"

"होती. पटलं आता, याला खोटं बोलता येत नाही ते?"

कुणी हसलं नाही. वायमंड सुटला. त्याच दुपारी पंचाने हावीसबाईच्या दारापुढच्या काठीवरचं, दारू विकायला असल्याची खूण म्हणून बांधलेलं झुडूप उतरवलं. ते नाही, म्हणजे सुगी संपेपर्यंत विक्री बंद.

संध्याकाळी वायमंड आला. डोळे ओले करून म्हणाला, "बाई, तुमच्यावर एक चांगलं कवन..."

"हा कान मी सोडवलाय," हावीसबाई म्हणाली. "म्हणजे माझाच की!"

तिने तो चिमटीत धरला, चांगला पिळला आणि त्याला तसंच ओढत रस्त्यापर्यंत नेऊन सोडलं. त्यापेक्षा लोहाराचा खिळा बरा, असं वायमंडला वाटलं असेल. पण या खेपेला तो तोंडातून एक शब्द काढील तर शपथ!