मी फक्त निरोप देतो

मी एक सिक्वेन्सर बोलतोय. बोलतोय म्हणणं जरा धाडसाचंच आहे, कारण मला स्वतःचा आवाज नाही. गाणं माझ्या पोटात साठवलेलं असतं, पण ते म्हणायला दुसरे लागतात. सिंथेसायझर नावाचे माझे भाऊबंद माझ्यापासून निघालेल्या वायरीला कान लावून बसतात. मी सांगतो, 'हा सूर धर, आता सोड,' आणि ते गातात. टाळ्या त्यांना मिळतात. मला त्याचं काहीच वाटत नाही असं म्हणालो, तर तुम्ही विश्वास ठेवू नका.

माझा जन्म जपानातल्या हमामात्सु गावचा, जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीचा. इथे घरटी एक माणूस वाद्यांच्या कारखान्यात असायचा. जुळणीच्या रांगेतून मी शेवटच्या टेबलावर आलो, तेव्हा समोर मिझुनो शिगेको नावाची तपासनीस होती. तिने माझ्या एकेका सॉकेटवर बोट रोखलं आणि मोठ्याने म्हणाली, "इन, ठीक. आउट, ठीक." आमच्याकडे ही शिस्तच आहे. जे पाहिलं ते बोटाने दाखवायचं आणि तोंडाने म्हणायचं, नुसतं पाहिलेलं कुणी धरत नाही. मग तिने माझ्या झाकणाच्या आत तिचा गोल लाल शिक्का मारला. तो अजून तिथेच आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

मला घेतलं ते त्याच कारखान्यातल्या उचियामा तेत्सुओने. दिवसभर पियानोच्या लाकडाला पॉलिश करणारा हा माणूस घरी आला की माझ्यापुढे बसायचा. भारी चिवट. एक सूर पटला नाही तर आठवडाभर तोच सूर.

निवृत्त झाल्यावर त्याने एक गाणं रचायला घेतलं. दोन हिवाळे त्यावर गेले. घरात सिंथ एकच होता, म्हणून चार आवाजांपैकी एकेक आवाज वेगवेगळा भरला, आणि सगळा वेळ कानाला हेडफोन. त्याची बायको फुसाए चहा आणून ठेवायची, तो गार व्हायचा, ती गार चहा उचलून न्यायची. तिला ऐकू यायची फक्त पट्ट्यांची टकटक. गाणं तिच्यासाठी होतं हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं, कारण फ्लॉपीवर नाव घालताना त्याने तिचंच नाव घातलं.

वसंतात गाणं पुरं झालं आणि पुढच्याच आठवड्यात उचियामाला झटका आला. उजवा हात गेला. वाचाही जवळजवळ गेली. मी कपाटात गेलो.

नोव्हेंबरात आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात कलामहोत्सव असतो. कारखान्यातल्या निवृत्तांचा एक वाद्यवृंद आहे, ते यंदा उचियामाचं गाणं वाजवणार असं ठरलं. चार जणांचे चार सिंथ आणि मी. फ्लॉपीवरचं नाव वाचून गाणं तिच्यासाठी आहे हे फुसाएला कुणीतरी सांगूनही टाकलं. ती पहिल्या रांगेत मांडीवर संत्र्यांची पिशवी घेऊन बसली. शेजारी चाकांच्या खुर्चीत उचियामा. कार्यक्रमाला तासभर अवकाश होता.

वायरी जोडायचं काम आजवर उचियामाच करायचा. यंदा ते मंडळींनी केलं, आणि किती व्यवस्थित केलं म्हणून सांगू. वृंदाचे प्रमुख कुमागाईसाहेब. निवृत्तीला वीस वर्षं झाली तरी सगळ्यांचे साहेबच. त्यांचा सिंथही सगळ्यांत वडील, वाद्यांनी वायरीतून एकमेकांना निरोप द्यायची मिडी नावाची पद्धत नुकती निघाली त्या काळातला. मग वडीलधाऱ्यांचा मान आधी! मंचावर दारापासून सर्वांत दूरची मानाची जागा त्याला दिली, माझी वायरही पहिली त्यालाच जोडली. तिथून पुढे वयाच्या क्रमाने दुसरा, तिसरा, चौथा. जेवणाच्या पंगतीला बसवतात तसं.

माझं बटण दाबलं. साहेबांचा सिंथ गायला लागला. बाकीचे तिघे ढिम्म.

"वायर खराब असेल," कुणीतरी म्हणालं. साहेबांनी स्वतः पट्टी दाबून पाहिली, तर शेजारचा दुसरा सिंथही वाजला. साहेबांच्या जुन्या सिंथच्या पट्ट्या एकाच ठरलेल्या चॅनलवर निरोप धाडायच्या, आणि हजेरीपटावर त्या नंबरला दुसऱ्या सिंथने ओ द्यायची होती.

"वायर ठणठणीत आहे," साहेब म्हणाले. "सिक्वेन्सरच म्हातारा झालाय. त्याच्या डोक्यातलं पुसलं गेलं."

माझ्या डोक्यातलं पुसलं म्हणे! एकूण एक सूर जागच्या जागी होता. पण सांगणार कसा?

उचियामा हे सगळं बघत होता. त्याचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर नुसता आवळला होता. चूक कुठे आहे हे त्याला कळलं होतं, याबद्दल मला शंका नाही. पण वाचा धड असती तरी चारचौघांत साहेबांच्या सिंथमुळे अडलंय असं तो म्हणाला नसता.

"रद्द करू या का?" एकाने हळूच विचारलं. फुसाए पिशवीचे बंद सोडायची आणि पुन्हा बांधायची.

तेवढ्यात शिगेको आली. हो, तीच. पाठीत वाकली आहे, पण बोट तसंच ताठ. तिने मला उचलून डोळ्यांजवळ धरलं. "हा माझ्या हातचा आहे," ती म्हणाली. "याच्या आधी बाकीचे तपासू."

ती मागच्या बाजूने वायरींवरून एकदा फिरली आणि साहेबांच्या सिंथपाशी क्षणभर थांबली. मग म्हणाली, "साहेब, माझी नजर आता चालत नाही. तुम्हीच बोट दाखवा आणि म्हणा. मी ऐकते."

"मी?"

"तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? चुकलं की अख्ख्या रांगेपुढे पुन्हा म्हणायला लावायचात."

मंडळी हसली. साहेब गुडघे धरत खाली बसले आणि बोट रोखलं. "सिक्वेन्सर, आउट, ठीक. माझा सिंथ, इन, ठीक." दुसऱ्या वायरीवर बोट गेलं. "माझा सिंथ, आउट, ठीक."

"आउट कशासाठी असतं, साहेब?"

"मी स्वतः वाजवतो ते पुढे जायला."

"आणि मागून आलेला निरोप जसाच्या तसा पुढे द्यायला?"

"त्याला थ्रू असतं." साहेबांचं बोट पुढे सरकलं, परत मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. तिसरं सॉकेट तिथे नव्हतंच. त्या जुन्या काळच्या सिंथला ते दिलेलंच नव्हतं. साहेबांनी बोट त्या रिकाम्या जागी टेकवलं. मग शिस्तीप्रमाणे मोठ्याने म्हणाले, "माझा सिंथ, थ्रू, नाही."



"म्हणजे मी सगळं ऐकतो आणि स्वतःपाशीच ठेवतो," साहेब म्हणाले. "माझी बायको गेली तीस वर्षं हेच सांगतेय." त्यांनी दोन्ही हातांनी आपला सिंथ उचलला. दोघे मदतीला धावले तर त्यांना मानेनेच नको म्हणाले, आणि तो दाराजवळच्या शेवटच्या जागी स्वतः नेऊन ठेवला. मी चाळीस वर्षांत पुष्कळ माणसं पाहिली, पण इतक्या सरळ मनाने खाली बसणारा माणूस दुसरा पाहिला नाही. आणि शिगेकोबद्दल तर काय बोलू? तिने चूक शोधली, आणि ती ज्याची होती त्यालाच सापडू दिली.

आता माझी वायर दुसऱ्याला, त्याच्या थ्रूमधून तिसऱ्याला, तिथून चौथ्याला आणि शेवटी साहेबांच्या सिंथला. शिगेकोने मला उचियामाच्या मांडीवर ठेवलं. त्याने डाव्या हाताच्या अंगठ्याने बटण दाबलं.

चारही आवाज एकदम उठले. ते एकत्र असे उचियामानेही आजवर ऐकले नव्हते. साहेबांचा जुना सिंथ सर्वांत खालचा, जाड सूर धरून होता, आणि खरं सांगतो, तो तिथेच शोभत होता. मी जन्मभर सूर मोजत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा नुसता ऐकत राहिलो.

गाणं संपलं. फुसाएने पिशवीचे बंद सोडले. मग म्हणाली, "यासाठी माझा एवढा चहा गार केलास होय?" तिने एक संत्रं सोललं. उचियामाचा डावा हात अजून माझ्यावरच होता, म्हणून तिने फोड त्याच्या तोंडात घातली. चारचौघांत, पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

माझा पडदा आता फिकट झालाय, बटणं अडतात. फार दिवस राहिले नसावेत. जायच्या आधी एकच मागणं आहे. कुणी गप्प दिसलं तर त्याला मुका आणि रिकामा ठरवू नका. खाली बसा, बोट लावा, आणि निरोप कुठे अडलाय ते मोठ्याने म्हणा. अडवणारे आपणच निघालो, तरीही.