उभ्या बसचा पगार

मी एक बस आहे. कोरगावहून पेडण्यामार्गे म्हापशाला जाणारी, कपाळावर 'सिद्धी' हे नाव मिरवणारी. एवढं मला ठामपणे सांगता येतं. पुढचं सांगताना माझा गोंधळ उडणार आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

माझा सांगाडा एका गावी घडला, अंग दुसऱ्या गावी चढलं आणि गाठ पडली ती कोरगावच्या कृष्णनाथशी. तोच माझा मालक, तोच ड्रायव्हर. नाव त्याच्या मुलीचं. मी घरी आले तेव्हा त्याच्या बायकोने, सुविधाने, मला ओवाळलं आणि चाकांखाली लिंबं ठेवली. ती चिरडताना मला फार लाज वाटली होती.

लोकांना वाटायचं, मी वेळापत्रकाने चालते. मी खरं तर मालतीबायने चालत होते. कृष्णनाथच्या घराजवळच्या वळणावर तिचं घर. कृष्णनाथ तिथे लांबलचक हॉर्न द्यायचा आणि ती भाजीची पाटी घेऊन बाहेर येईपर्यंत मला हलवायचा नाही. घाईतले लोक कुरकुरायचे. पण दुसऱ्या दिवशी त्यांचीच चप्पल तुटलेली असायची आणि त्यांच्यासाठी बाकीचे थांबायचे. असा आमचा कारभार होता.

मग घरोघरी स्कूटर आल्या. माझ्या खिडक्यांपाशी वारा तेवढा बसू लागला. कृष्णनाथ आरशात रिकाम्या सीट बघायचा आणि उगाचच आरसा पुसायचा.

त्याच सुमारास मोबाइलवर एक व्हिडिओ फिरू लागला. कोणत्या देशात बसच्या ड्रायव्हरला किती पगार मिळतो, एवढंच त्यात. एकेक झेंडा यायचा, त्याखाली आकडा. एका उतारूने तो मोठ्याने लावला आणि सगळी बस ऐकत राहिली. काजूच्या डोंगराआड रेंज गेली ती नेमकी आपला झेंडा यायच्या आधी. आपलं काय झालं, ते मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवसापासून माझ्यात दुसरा विषय नाही. गोकुळदासबाब दुबईत बस चालवून परतलेले. ते महिन्याचा पगार दिरहमात सांगायचे. कुणाचा भाचा इंग्लंडला, त्याचा पगार आठवड्याचा आणि पौंडात. कुणी त्याचे रुपये करायचा, कुणी खोलीचं भाडं वजा करायचा, कुणी वजा करायचंच विसरायचा. मागच्या सीटवरून कुणीतरी दुरून डोंगर साजरे म्हणायचं, आणि मग तोच माणूस डोंगराची उंची विचारायचा.

मालतीबायने मात्र एकदा सगळ्यांना गप्प केलं. ती म्हणाली, "पगाराचा माका सांगू नकात. थय बांगड्याचो वाटो कितक्याक पडता, ता सांगा." बांगड्यांचा वाटा तिथे केवढ्याला, हा हिशोब कुणाच्याच पगारात नव्हता.

मी ऐकून ऐकून चक्रावले. स्टेअरिंग इथे गोल, तिथेही गोलच असणार. ब्रेक दाबला की गाडी सगळीकडे थांबत असणार. मग पाय तोच, हात तेच, आणि देश बदलला की त्यांची किंमत का बदलते?

शेवटी म्हापशाहून कुणीतरी माल्टाचं नाव आणलं. तिथे पगार म्हणे तासावर. हा देश कुठे आहे, हे ना मला माहीत, ना कृष्णनाथला. पण तिथेही ड्रायव्हर उजव्या बाजूलाच बसतो हे कळल्यावर तो देश त्याला शेजारच्या गावासारखा वाटू लागला. सुविधा काही बोलायची नाही. ती बोलेना म्हणून तोही तिला विचारीना.

आमच्याकडे असं अडलं की देवाला विचारतात. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी देवळासमोरच उभी होते, दारातून सगळं दिसत होतं. हात जोडून कृष्णनाथने विचारलं, "देवा, माल्टाक माका हयपेक्षा चड पगार मेळतलो काय?"

उजवी पाकळी पडली. पटकन पडली, म्हणजे पगार इथल्यापेक्षा जास्तच. गोकुळदासबाबनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

परतताना माझ्यात कृष्णनाथ आणि सुविधा, दोघंच होती. बराच रस्ता मागे पडल्यावर सुविधा हळूच म्हणाली, "तुमी देवाक पगार इचारलात. जावचा की नाय, ता खय इचारलात?"

कृष्णनाथचा हात गिअरवर अडखळला आणि माझे गिअर खरखरले. पुन्हा विचारायचं, तर उजवी पाकळी पडून गेलेली. मिळालेल्या होकारावर दुसरा प्रश्न टाकणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं. जायचं की नाही हे विचारायचं राहिलं, ही चूक दोघांनाही कळली, पण दोघांनीही ती तशीच राहू दिली. मला तेव्हा फार वाईट वाटलं. देवाने विचारलं तेवढंच सांगितलं होतं, त्याचा तरी काय दोष?

तो गेला. जाताना माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला, आणि तिन्हीसांजेला बायकोला सांगावं तसं मला म्हणाला, येतो.

तेव्हापासून मी घराशेजारच्या काजूखाली उभी आहे. टपावर पानं साचलीत, मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. घरात रेंज नाही, माझ्यात आहे. म्हणून सुविधा संध्याकाळी त्याच्या सीटवर येऊन बसते आणि व्हिडिओ कॉल लावून फोन काचेला टेकवून ठेवते. बॅटरी बसू नये म्हणून त्याने सांगितल्याप्रमाणे मला थोडा वेळ सुरूही करते.

आज तो खुशीत होता. म्हणाला, "अगो, हय बस उभी ऱ्हवली तरी पगार चालूच. सिग्नलाक उभे, स्टॉपार उभे, सगळ्याचे पैसे."

सुविधा माझ्या स्टेअरिंगवरची धूळ बोटाने पुसत राहिली. मग म्हणाली, "आमी हय उभी आसव. तेचो पगार खयचो देश देता?"

तो म्हणाला, "एकदा हॉर्न मार गे. आयकूचो आसा."

तिने हॉर्न दाबला. लांबलचक, अगदी त्याच्यासारखा.

आणि वळणावरचं दार उघडलं. मालतीबाय धावत-पळत, पदर सावरत, पाटी घेऊन आली. पाटी माझ्या पायरीवर ठेवली आणि धापा टाकत विचारलं, "इलो काय गे कृष्णनाथ? आज सोडतलो काय गाडी?"

फोनमध्ये कृष्णनाथने ते ऐकलं. त्याने तोंड फिरवलं.

देशोदेशीचे पगार तुम्ही खुशाल ताडून बघा, मला काही ते जमलं नाही. मला एवढंच सांगा, या बाईला मी काय उत्तर देऊ? ती अजून पायरीपाशी उभी आहे.