पत्रा रेकॉर्ड्स

खट् करून टेपचं बटण वर आलं, तेव्हा कुठं आकांक्षाला कळलं की मघापासून ती कोरी कॅसेट ऐकत बसली होती. मांडीवरच्या सुपात तूरडाळ. निवडलेली कुठली नि राहिलेली कुठली, तेही तिला सांगता आलं नसतं. तिनं दोन्ही ढीग एक केले आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतलं.

नवरा, भीमराज, जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं. हट्टा गावचा कार्यक्रम आटपून येताना टेम्पो उलटला. त्याचा जोडीदार प्रमोद पुढं बसला होता, भीमराज मागं, स्पीकर धरून. बाया म्हणायच्या, रडून घे पोरी, हलकं वाटंल. पण रडू येत नव्हतं. भूक लागायची, झोप लागायची, लेकीच्या, राणीच्या, वेण्या घालता यायच्या. बाकी सगळं गोधडीआडून ऐकू आल्यासारखं.

गोधड्या त्या खोलीत होत्याही. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींवर खिळ्यांनी ठोकलेल्या. सासूनं, पंचफुलाबाईनं, जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या. कळमनुरीच्या बाजारामागची ही पत्र्याची खोली म्हणजे भीमराजची कंपनी. दोन हजार तीन साली काढली, पाटी स्वतःच रंगवली : पत्रा रेकॉर्ड्स. गाणं म्हणजे पेटी न् ढोलकी असं समजणाऱ्या मुलखात हा गडी कॅसिओच्या ठेक्यावर नुसता झपाझप बोलायचा. नळाला न येणाऱ्या पाण्यावर, एसटीच्या कंडक्टरवर, यमकाला यमक ठोकत. त्याला रॅप म्हणतात, हे त्यानं हॉटेलातल्या टीव्हीवर बघून ठरवलेलं. पंचफुलाबाई म्हणायची, "लोकाइची पोरं गातेत, माझं भांडतंय."

तरी जयंतीच्या दिवसांत कॅसेटी हातोहात जायच्या. पहिल्या कॅसेटीत ऐन कडव्यात पंचफुलाबाईनं कोंबडी हुसकावलेली रेकॉर्ड झाली, तर शिरड शहापूरची पोरं दुकानात येऊन 'कोंबडीवाली द्या' म्हणायला लागली. भीमराज हसून हसून लोळला. पण मग त्यानं कायदा केला : माइक चालू असताना खोलीत कुणी ब्र काढायचा नाही. कानाला हेडफोन लावून आकांक्षा डेकपाशी बसायची. आवाज येतोय का, असं तो माइकपुढून विचारायचा, आणि आवाज नीट येत असेल तर ती उघडा पंजा वर करायची. फाटत असेल तर मूठ. बोलणं बंद. लाइट जायच्या आत गाणं उरकायचं असायचं, म्हणून सगळं असं हातावर चाले.

दुपारी प्रमोद आला. कंपनीतला दुसरा रॅपर. आता नांदेडच्या एका सीडीवाल्याकडं कामाला लागलेला. मूळ रेकॉर्डिंगच्या मास्टर कॅसेटी न्यायला आला होता. विकलेल्या कॅसेटी लोकांनी वाजवून वाजवून झिजवल्या होत्या. भीमराजचा धड आवाज आता फक्त या पिशवीत उरला होता. आकांक्षानं ती कालच भरून दाराशी ठेवलेली.

प्रमोदनं खाली बघत सगळं सांगितलं. कॅसेटींना बुरशी धरत होती. अजून एक पावसाळा त्या काढणार नाहीत. सीडी निघाली तर गाणी राहतील. पण मास्टर तिकडंच राहतील, आणि सुरुवातीची 'पत्रा रेकॉर्ड्स, कळमनुरी' ही आरोळी काढून तिथं सीडीवाल्याचं नाव लागंल. गाण्यांच्या अधलंमधलं बोलणंही ते कापतील.

"चालंल का, वहिनी?"

"न्या," ती म्हणाली. सूप बाजूला ठेवायचंही तिला सुचलं नाही.

वाजतात का ते बघू, म्हणून त्यानं वरचीच एक कॅसेट टेपात घातली. राणी अंगणातून धावत आली आणि टेपासमोर उकिडवी बसली. खरखर. कुणीतरी खाकरलं. मग तो आवाज, अगदी खोलीतल्या माणसाचा असावा तसा :

"राणीचे माय, येऊन राहिला का आवाज?"

टेपावर पुढं काहीच नव्हतं. नुसती शांतता, एक श्वास भरंल एवढी.

"बराबर," भीमराज समाधानानं म्हणाला, आणि ठेका सुरू झाला.

प्रमोदनं बंदचं बटण दाबलं. हेच कापतील ते, असं काहीतरी सांगायला त्यानं मान वर केली आणि तो थांबला. आकांक्षाचा हात वर होता. उघडा पंजा, बोटं ताठ, तळव्याला डाळीची धूळ. तिनं तो उचलला नव्हता. तिलाही तो आताच दिसला. खाली घ्यावा असं तिच्या मनात आलं, पण हात ऐकेना.

या खुणेवर प्रमोदनं कितीतरी गाणी म्हटली होती. त्यानं कॅसेट हळूच बाहेर काढली, शर्टाला पुसली आणि पिशवीत न टाकता टेपावरच ठेवली.

"हिच्यात आवाज फाटलाय म्हणून सांगतो त्यायला," तो म्हणाला. "ही ऱ्हाऊ द्या."

बाकीची पिशवी उचलून तो चपला शोधायला लागला. राणीनं टेपाकडं बघितलं, मागं गोधडीच्या भिंतीकडं बघितलं, मग आईच्या हाताकडं.

"माय, तू हात कोणाला दाखवून राहिली?"